शेवटच्या पानावरचा गूळ
गुऱ्हाळाचा गोड, धुरकट वास आला की मला आमच्या वाचक मंडळाची ती रविवार सकाळ आठवते. प्रत्येकानं आवडीचं एक पुस्तक सुचवायचं, अशी मंडळाची रीत. मी फारशी कुणाला माहीत नसलेली, चार भागांची एक विज्ञानकथांची मालिका निवडली होती आणि निर्धास्त होतो, कारण माझा मित्र ती वाचून माझ्यापेक्षा जास्त वेडा झाला होता. घरच्या गुऱ्हाळात, रोज काहिलीतला उसाचा रस आटेपर्यंत शेजारी बसून त्यानं चारही भाग संपवले होते. शेवटी यान रिकामं परततं तिथं रडलो, असंही त्यानंच सांगितलं होतं. "तू सांगच की मंडळात, मी हाय," म्हणून त्यानंच मला उभं केलं. रंकाळा तळ्याकडून वारा येत होता, चहा फिरत होता. माझं बोलणं संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, हसत म्हणाले, "ही तर पोरासोरांची पुस्तकं. आणखी कुणी वाचलीत का?" मी मित्राकडं पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला. "न्हाय सर. ह्यानं माझ्या गळ्यात मारलीती, चार पानांच्या पुढं गेलो न्हाय मी." सगळे हसले, तोही हसला. चौथा भाग माझ्या पिशवीत होता, शेवटच्या पानावर त्याच्या गूळ लागलेल्या बोटांचे ठसे होते. मी तो बाहेर काढला नाही. अजूनही दर हंगामात तो गुळाची ढेप पाठवतो. मी ती न फोडता शेजारी देऊन टाकतो. त्या पानाला मात्र अजून मुंग्या लागतात.