मॅथोसची माफी

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात नऊ वर्षं कंत्राटी कामगार. नाव नाथा. लेथ मशीनवर यांच्यासारखा हात कुणाचा नाय. बायको म्हणून नाय सांगत, सुपरवायझरच म्हणायचा. पण परमनंटची यादी निघाली की यांचं नाव गायब. दर साली मेलं तेच!

अठ्ठ्याण्णव साली, यांना नऊ वर्षं झाली तेव्हा, मॅनेजर साहेबांनी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी स्वतः नाटक लिहिलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं, समुद्रापल्याडच्या कार्थेज नावाच्या शहराचं. त्या शहरासाठी भाडोत्री सैनिक लढले. लढाई संपल्यावर शहरानं पगाराला टाळाटाळ केली, तसे सैनिक उलटले. तीन वर्षं झुंजले. शेवटच्या लढाईत सगळे कापले गेले आणि मॅथोस नावाचा त्यांचा पुढारी जिवंत सापडला. मॅथोस म्हणजे आमचे हे. मरणारे सैनिक म्हणून सोमा, वाळू आणि यांच्याच खात्यातले आणखी सहा कंत्राटी.

शेवटी मॅथोसनं कार्थेजच्या सेनापतीच्या पाया पडून म्हणायचं, "माझं चुकलं, माफ करा." हे तालमीत म्हणाले, "साहेब, पुढारी असा पाया पडंल का?" साहेब हसले. "नाथा, नाटक झालं की परमनंटच्या यादीवर सही करायचीय मला."

त्या दिवशी हे जेवलेच नाहीत. मी लय बोलले. "अहो, नाटकच हाय ना? दोन शब्द बोललात तर जीभ झडंल का? नऊ वर्षं कंत्राटात काढली, अजून किती काढायची?"

प्रयोगाला साहेब पहिल्या रांगेत, मी तिसऱ्या. शेवटची लढाई लागली. लाकडी तलवारी खणाखणा वाजल्या. सोमा पडला, वाळू पडला, आठही जण आडवे झाले. यांना दोरीनं बांधून आणलं. सेनापती झालेला ऑफिसातला ज्ञानेश पाय पुढं करून उभा. हे वाकले आणि तसेच थांबले. विंगेतून कुणीतरी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं, पार मला ऐकू येईल एवढ्यानं. म्हणा हो, म्हणा एकदाचं! सप्तशृंगी माते, यांना बुद्धी दे!

आणि हे वळले. सेनापतीकडं पाठ केली, पडलेल्या माणसांपुढं गुडघे टेकले आणि सोमाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझं चुकलं, माफ करा."

शब्द न् शब्द साहेबांनी लिहिलेला. मग वाळूच्या पायांवर डोकं. मेलेला वाळू हुंदके देऊन रडायला लागला. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. साहेब तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

यादी लागली. यांचं नाव नव्हतं. पुढं दोन हजार चारला कारखाना सोडला, तोवर कंत्राटीच राहिले. यादी लागली त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. रडले, भांडले. "सगळ्या जन्माचं वाटोळं केलंत! सेनापतीला म्हणायला काय झालं होतं?"

"म्हणणारच होतो, सगुणा. तुझ्यासाठी वाकलोबी होतो. पण त्या खऱ्या लढाईतले सगळे मेले होते, मॅथोसकडं बघायला कुणी उरलं नव्हतं. हे आठ जण खाली पडून श्वास घेत होते गं, आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडंच बघत होते."