व्याह्यांचं गॅरेज आणि माझ्या सत्तावीस खुणा

माझ्या होणाऱ्या व्याह्यांना मी तीन महिने चोर समजत होतो. हे त्यांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. त्यांना माहीत आहे, एवढंच मला माहीत नव्हतं.

भांडणाचं मूळ म्हणजे एक गाडी. विलायती, दोन सीटची, बिनछपराची. माझ्या लहानपणी डहाणूकडचे एक बागायतदार ती घेऊन आमच्या किनाऱ्यावर हवा खायला यायचे. आम्ही पोरं वाळत घातलेले बोंबील राखायचं काम सोडून तिच्यामागे धावायचो, मग बोंबील कावळे न्यायचे आणि मार आम्ही खायचो. एवढ्या वर्षांनी तीच गाडी मला त्यांच्या चिकूच्या वाडीत सापडली. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालकांचा नातू म्हणाला, गाडी न्या, पण पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबा. मी थांबलो. (आमच्या लेकीच्या, रूपालीच्या जन्माच्या वेळीसुद्धा मी दवाखान्यात एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या.)

टेम्पोतून गाडी उमरोळीला आमच्या दारात उतरली, तेव्हा माझ्या बायकोने, निर्मलाने, तिला एक प्रदक्षिणा घातली.

"यात मी कुटं बसू नि रूपाली कुटं बसंल?"

एका वेळी एकीनेच बसायचं, असं मी सांगितलं. ती आत गेली आणि त्या संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

आता थोडं माझ्याबद्दल. मी तारापूरच्या एका कारखान्यात थिनर भरून घ्यायच्या विभागाचा सुपरवायझर होतो. तिथून एक डबा इकडचा तिकडे झालेला मी कधी खपवून घेतला नाही. संशय हा माझ्या नोकरीचाच भाग होता. निवृत्त झालो तेव्हा कंपनीने गेटपास परत घेतला, ही सवय घ्यायची मात्र विसरली.

त्याच सुमारास रूपालीचं लग्न ठरलं, बेटेगावच्या हरेश्वरभाऊंच्या निलेशशी. हरेश्वरभाऊ आमच्याच समाजातले, किनाऱ्यावरचे. आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, नंतर बेटेगावला गॅरेज टाकलं. गाडी बघून त्यांचे डोळेच चमकले. म्हणाले, ही माझ्याकडे सोडा, अशी करून देतो की नवरानवरी मांडवातून हिच्यातूनच निघतील. रूपालीने ते ऐकलं आणि ती हट्टाला पेटली की सासरी जाईन तर याच गाडीतून. इथपर्यंत सगळं छान होतं. पण जाता जाता हरेश्वरभाऊ म्हणाले, "आनि मजुरीचा इषय काडू नका, भाऊ."

झालं! जो माणूस मजुरी घेत नाही, तो दुसरं काहीतरी घेत असणार. एवढं साधं गणित मला सुपरवायझरला कळणार नाही?

मी एक दिवसाआड गॅरेजवर जाऊ लागलो. दर वेळी गाडीतलं काहीतरी जुनं गेलेलं असे आणि नवं आलेलं असे. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. चार गियरचा डबा जाऊन पाच गियरचा आला. ब्रेक बदलले तेव्हा मी विचारलं, जुन्यांना काय झालं होतं? हरेश्वरभाऊ म्हणाले की जुना ब्रेक गाडी थांबवत नाही, थांब म्हणून नुसती विनंती करतो. मग ते जुने आहेत कुठे, असं विचारलं की उत्तर एकच, "हायेत आत." आत म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी दाखवलं नाही. त्यातच कारखान्यातल्या माझ्या पाळीतला एक जुना सोबती भेटला. तो म्हणाला की असल्या गाडीचे मूळचे पार्ट गाडीपेक्षा महाग जातात, मुंबईचे शौकीन टपून बसलेले असतात. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

उघड विचारायची सोय नव्हती. मुलीचा बाप मी, आणि व्याह्यांना चोर म्हणायचं? तेव्हा मी एक गुप्त उपाय काढला. आमच्याकडे जाळ्यांना बांधलेल्या तरंगत्या बोयांवर, मासळीच्या टोपल्यांवर प्रत्येक घराची खूण रंगवलेली असते. समुद्रात बोया सुटून कुठेही वाहत गेला, तरी खुणेवरून घरी परत येतो. आमच्या घरची खूण दोन आडव्या रेघा आणि खाली ठिपका, आजोबांच्या वेळेपासूनची. ठरवलं, मूळच्या प्रत्येक पार्टवर ही खूण करून ठेवायची. मग बदला म्हणावं!

रूपालीची मरून रंगाची नेलपॉलिश खिशात घालून मी ऐन जेवणाच्या वेळी गॅरेजवर गेलो. हरेश्वरभाऊंना म्हटलं, तुम्ही निवांत जेवून या, मी बसतो इथे. त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी माझ्यासाठी घरून तळलेले बोंबील पाठवले. ते खात खात मी दोन्ही कार्बोरेटर, मीटर, पंप, चाकांच्या टोप्या, सगळ्यांच्या पोटाखाली खुणा केल्या. सत्तावीस. वहीत यादीही केली.

घरी आलो तर निर्मला माझ्या बोटाकडे बघतेय. नख सोडून सगळं बोट मरून झालं होतं. बाटली तिने माझ्या खिशातूनच काढली.

"कुनाला लावून आलात?"

"कार्बोरेटरला," मी म्हणालो.

खरं बोललेलं कधी पचलंय कोणाला? ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि माझे शर्ट धुण्याआधी खिडकीशी नेऊन उजेडात बघत होती. विनाकारण कोणाचा संशय आला की समोरच्याला किती त्रास होतो, हे तेव्हा मला चांगलंच कळलं. फक्त ते स्वतःला लावून बघायचं सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गॅरेज राखायला बसलो. कार्बोरेटरखाली आरसा धरला. खूण नाही. मीटर, पंप, टोप्या, सत्तावीसच्या सत्तावीस खुणा गायब! आणि पार्ट तरी कसे, चकचकीत. माझे तर काळेकुट्ट होते. म्हणजे अख्खी गाडी बदलली होती. आता बोललो तर लग्न मोडणार आणि गप्प बसलो तर गाडी गेलेली. एका पारड्यात पोटची पोर, दुसऱ्यात कार्बोरेटर. सांगायला लाज वाटते, पण पारडं थोडं हललं.

लग्नाच्या याद्या करायला आम्ही बेटेगावला गेलो, तेव्हा मी न बोलण्याची शपथ घेऊन गेलो होतो. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. चहा झाला, पोहे झाले, मानपानाचं बोलणंही गोडीत झालं. तेवढ्यात हरेश्वरभाऊ म्हणाले की लग्नाच्या दिवशी तुमची गाडी मी स्वतः मांडवात घेऊन येतो.

"माझीच आणाल ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 रूपाली पोह्यांची बशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आता मागे फिरणं नव्हतं. मी वही काढली आणि सत्तावीस खुणांचा पाढा वाचला. विहीणबाईंनी शांतपणे विचारलं की खूण कसली होती. दोन रेघा नि एक ठिपका, मी सांगितलं.

"म्हंजे तुमच्या बोयावर असते तीच?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गुप्त खूण म्हणून मी अशी खूण निवडली होती, जी आमच्या किनाऱ्यावर शाळेत न गेलेलं पोरही ओळखतं. पत्ता लिहून ठेवला असता तरी एवढं कळलं नसतं.

"आमी पयल्याच आटवड्यात बगितली," हरेश्वरभाऊ म्हणाले.

"मग गेली कुठे?"

त्यांनी दारातून दिसणारा गॅरेजचा कोपरा बोटाने दाखवला. तिथे थिनरचा डबा होता. बसवण्याआधी प्रत्येक पार्ट ते त्याने धूत होते. थिनरने नेलपॉलिश जाते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. डबा माझ्याच कारखान्याचा होता. सुपारी फुटली त्या दिवशी भेट म्हणून मीच नेऊन दिला होता. सगळी नोकरी मी तो डबा भरून घेण्यात घालवली, आणि आत काय आहे ते मला बेटेगावात कळलं.

हसू कोणालाच आलं नाही. हरेश्वरभाऊंनी माझी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "भाऊ, पोरगी देताना तुमी तिला काय खून केली नाय. कार्बोरेटरला केलीत."

मला फार लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. मी उठून हात जोडले. रूपालीने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी इथंच येनार हाय. तुमी गाडी घेऊन जा वाटलं तर." हरेश्वरभाऊंनी माझे जोडलेले हात धरले आणि मला तसंच आतल्या खोलीत नेलं. फळीवर डायनॅमो, जुना गियरचा डबा, विनंती करणारे ब्रेक, सगळं तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं. खरंच सगळं आत होतं.

लग्नाच्या दिवशी उमरोळीला मांडवासमोर गाडी आली, तेव्हा तिच्या आवाजाने सनईवाला थांबला. मागच्या पत्र्यावर तांबड्या रंगात हातभर मोठ्या दोन रेघा आणि एक ठिपका होता. हरेश्वरभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "बोटीचा रंग हाय. थिनरनं जायचा नाय. आतमदे पन सगल्यांना केलाय." वऱ्हाडातल्या एकूण एक माणसाने ती खूण ओळखली आणि माझ्याकडे बघितलं.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. निर्मला रूपालीच्या गळ्यात पडली होती. मीही रडलो, पण गाडीभोवती वाकून वाकून, कारण मी खुणा मोजत होतो. (विश्वास होता हो! पण वही खिशातच होती.) मागच्या पत्र्यावरची मोठी सोडून अठ्ठावीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी अठ्ठावीस. जास्तीची एक पितळी भोंग्यावर होती. तो गाडीचा नव्हताच. हरेश्वरभाऊंच्या वडिलांच्या बोटीवरचा तो भोंगा मी लहानपणापासून ओळखत होतो.

लेकीला पोचवून गाडी माझ्या दारात परत आली, भोंग्यासकट. या गोष्टीला वर्ष होईल. हरेश्वरभाऊंनी तो मागितला नाही आणि माझी खूण असल्यामुळे मी दिलाही नाही. माणूस सोन्यासारखा आहे, त्यात वाद नाही. पण एवढा जुना पितळी भोंगा कोणी असाच देतो का? काहीतरी असणार.