प्रल्हादची मान

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेक्टर सहाच्या बाजारात भाजी घेत होतो. त्याला आता महिना होत आला. दुःख हळूहळू ओसरतंय... किळस मात्र ओसरत नाही.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी कारकून झालो, तो एका खाजगी कारखान्यात क्रेन चालवू लागला. छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि पायांमधून खालचं लोखंड पाहत ते उचलायचं. पाळीभर मान छातीवर, पाठ पुढे वाकलेली. सुरुवातीला संध्याकाळी मान आखडायची, सकाळी मोकळी व्हायची. पुढे सकाळीही मोकळी होईना. मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या, डब्याचं झाकण हातातून सुटू लागलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे दुखणं कामातून आलंय, कामातच बदल हवा. खुर्ची बदला, मधे मधे उठा, पाळीत जोडीला दुसरा माणूस घ्या.

त्याने हे सगळं सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझरने खणातून दुखणं मारायच्या गोळ्यांची पट्टी काढून हातावर ठेवली. "गोली खा और चढ़ जा."

"कावून खाऊन राहिला तू त्या गोळ्या?" मी एकदा चिडून विचारलं.

"नाही खाल्ल्या तं शिडी चढनं होत नाही गा. अन् चढलो नाही तं दुसरा बसवतीन."

वर्षानुवर्षं खाल्लेल्या त्या गोळ्यांनी मूत्रपिंडं निकामी केली. डायलिसिस झालं, आणि मग तो गेला.

सुपरवायझर प्रल्हादच्या कुरुद वस्तीतल्या घरी भेटायला आला. चहा पीत म्हणाला, "बहुत मेहनती आदमी था. कभी शिकायत नहीं की." मग मोठ्या कौतुकाने सांगू लागला, नव्या ऑपरेटरसाठी केबिनमध्ये चांगली खुर्ची बसवलीय, खालचं समोर दिसायला कॅमेरा आणि पडदासुद्धा लावलाय. काही अवघड नव्हतं म्हणे, दोन दिवसांचं काम... कप तसाच ठेवून मी अंगणात गेलो.

शेवटच्या वर्षांत प्रल्हादला मान वर करता येत नसे. म्हणून त्याच्या घरात घड्याळ, आरसा, आईची तसबीर, सगळं कमरेच्या उंचीवर आहे. परवा त्याचा फोटो लावायला मुलगा वर खिळा ठोकू लागला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "खालीच लाव बाबू. वरचं त्यायले कुठं दिसते?"

फोटो आईच्या तसबिरीशेजारी लागला. त्याच्यासमोर उभं राहायचं तर आता आपल्यालाच मान खाली घालावी लागते.