एका पंगतीचा अहवाल

"तिथंच बस. कागद तिकडंच येते."

झूलाघराचा सचिव आतूनच बोलला. समितीचे चार मेंबर आत खुर्च्यांवर. पाचवा मेंबर मी, पडवीत, चपलांजवळ. मदतनीस बाईनं दूधपावडरचा रिकामा डबा उलटा करून माह्यापुढं ठेवला, त्याच्यावर अहवाल. सचिवानं पेन टाकला. दिला नाही, टाकला. मी उचलला. त्यानं दुरून बोट दाखवलं तिथं सही केली.

"पाहा बे, दोन बुकं शिकला हा. अंगठा नाही लावत."

चौघं हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

हे ऐंशीनंतरचं सांगून राहिलो. मध्यप्रदेशातल्या मोहगावपासून कोसभर आमचं गाव. मी सौंसरच्या जिनात कापसाच्या गाठी बांधायला जात होतो, बायको कापूस वेचायला. मायबाप कामावर गेले की लहान लेकरं झूलाघरात. सकाळी दलिया, दुपारी दूध. फी नावापुरती, बाकी सरकारचं. ते सरकारी पैसे तीन जागचे. एक दिल्लीचा, एक भोपाळचा, अन् तिसरा आमच्या जातीच्या लेकरांसाठी म्हणून निघालेला. तिन्ही एकाच खात्यात पडत, अन् तिघांचा मिळून एकच अहवाल दर तीन महिन्यांनी वर जाय. त्याच्यावर पाच सह्या लागत, त्यातली एक आमच्या वस्तीतल्या मेंबरची. एक सही कमी पडली तर तिन्ही पैसे अडत. म्हणून मी मेंबर. घरात आम्ही बौद्ध, कागदावर जुनीच जात.

अहवाल हिंदीत. मी मराठी दुसरी पास. अक्षरं तीच, मला वाचता येत होतं. पण बोट ठेवून, एकेक शब्द. त्या चौघांपुढं तसं वाचायची शरम वाटे. झटकन सही ठोकली की माणूस शिकलेला दिसते, असं मला वाटे. म्हणून तीन वर्षं न वाचता सह्या केल्या. सहीखाली रेघ ओढत होतो, रेघेखाली दोन टिंबं देत होतो. एवढी ऐट.

माही सुनंदा तेव्हा चार वर्षांची. आमच्या वस्तीचे पोट्टे पडवीत बसत, ताटली घरून नेत. बाकीचे आत, सतरंजीवर. पाळणेही आतच. मला दिसत होतं. मी म्हणत होतो, दूध तर भेटते ना.

मग जिल्ह्याची मॅडम तपासणीला आली. त्या दिवशी आमचे पोट्टे डोक्याला तेल लावून आत बसवले. मला जिनातून बोलावून घेतलं. मॅडमनं अहवाल मोठ्यानं वाचला. सगळी मुलं एकाच पंगतीत जेवतात. सगळ्यांना सारखी भांडी, झोपायला सारखी जागा. मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"ये दस्तखत किसके हैं?"

"माही सही आहे, मॅडम."

"आप पढ़कर करते हैं?"

"हो जी. वाचून."

"बच्चे रोज़ अंदर बैठते हैं?"

सचिव माह्याकडं पाहत होता. कुंपणाशी बायका उभ्या होत्या, त्यात माही बायको. जन्मात कोण्या अधिकाऱ्यानं मला 'आप' म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "रोज."

तेवढ्यात दलिया वाढला. सुनंदानं आपली ताटली उचलली अन् चालत चालत पडवीत जाऊन बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची जागाच ती. मदतनीस बाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं. मॅडमनं पाहिलं. पान उलटलं.

घरी बायको चुलीपाशी बसली. माह्याकडं पाठ.

"तुमची सही लय सुंदर आहे म्हणते सारं गाव. पोरीले पडवीत बसवाले किती बुकं शिकावं लागते हो?"

मी जेवलो नाही. तिनं वाढलंही नाही.

पुढचा अहवाल आला. मी पेन उचलला नाही.

"वाचतो," म्हणालो.

"तू वाचशीन तवापर्यंत पुढचा अहवाल येईन बे," सचिव म्हणाला.

"येऊ द्या. मले वेळ आहे."

बोट ठेवलं. मोठ्यानं वाचलं. "ए-क ही पं-ग-त में." ते हसले. मी वाचत राहिलो. मग हसणं थांबलं. शेवटची ओळही सोडली नाही.

"हे खोटं आहे. सही नाही देत."

"तुह्या एका सहीपायी साऱ्या गावचे लेकरं उपाशी राहतीन. तुही पोरगीबी."

"मंग खरं लिहा. खऱ्यावर देतो."

खरं कोणी लिहिलं नाही. पैसे अडले, दूध बंद झालं. आमचीच वस्ती माह्या दारात आली. चुलतभाऊ म्हणाला, "पडवीत का होईना, पोटात तर जाऊन राहिलं होतं. तुह्या ऐटीले काय खाईन लेकरू?" सुनंदा मायसंगं वावरात जाई, कडेच्या धुऱ्यावर झोपे.

मग चुलतभावालाच मेंबर केलं. त्यानं अंगठा दिला. दूध सुरू झालं. पोट्टे पडवीतच.

मी तक्रार लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली, सचिव खोटं लिहिते. फाडली. बारा अहवालांवर माही सही होती. मग दुसरा कागद घेतला. लिहिलं, मी मेंबर होतो. न वाचता बारा सह्या केल्या. तुमच्या मॅडमपुढं खोटं बोललो. ज्या लेकरांच्या नावानं पैसा येते तेच लेकरं बाहेर बसतात, हे मला माहीत होतं. चौकशी करा. खोटं बोलणाऱ्यांत पहिलं नाव माहं घाला, मग बाकीच्यांचे.

बसनं छिंदवाड्याला, जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. बाबूनं कागद पाहिला, परत सरकवला.

"मराठी नहीं चलेगी."

"मंग मी वाचून दाखवतो, तुम्ही हिंदीत लिहून घ्या. पोच भेटल्याशिवाय मी इथून हलत नाही."

तो दुसरीकडं पाहू लागला. मी कागदावर बोट ठेवलं अन् साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असा माहाच गुन्हा पहिले वाचायला लागलो.