पदरातली चाबी

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आलेली. कळा लागल्या तसं दवाखान्यात नेलं. तिथं म्हणे, डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर आहेत, गरज पडली तर येतील. बाळंतपण मिडवाइफ करणार. म्हटलं, म्हणजे कोण? तर शिकलेली सुईण. घ्या! तिवस्याला माझ्या वेळी सुईणच होती. लेकीला ती नको म्हणून तर दवाखाना पाहिला ना आम्ही!

आली ती. पोरगीच की हो. ना सलाईन, ना सुई. लेकीला नुसती म्हणे, चाल, बस, पुन्हा चाल. मधूनच पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐके आणि गप्प होई. ते गप्प होणं मला पटेना. लपवते की काय काही?

"बाई, तुमी काही करून कावून नाही राहिल्या?"

"करून राहिली ना मावशी. लक्ष ठेवून राहिली."

"लक्ष ठेवाले तं मीबी आहो."

लेक कळेतही हसली. "आई, तू बाहेर जाय वं जराशी."

गेले. बाहेर जावई बसलेले. त्यांच्याकडून गाडीची चाबी मागून घेतली. मोठ्या दवाखान्यात पळवायची वेळ आली आणि जावई चहाला गेलेले असले तर? चाबी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि परत आत.

वेळ जात होता, बाळ काही येईना. मग मी आपली गाठी सोडायला लागले. बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून सोडतात आमच्यात. लेकीची वेणी सोडली, पिशवीचे बंद सोडले, घरी फोन करून पेट्या-कपाटं उघडायला लावली. सुईण बघत होती. वाटलं, आता हसणार. तर म्हणते, "अन् पदराची?"

"ते चाबी आहे. गाडीची. तुमचा भरवसा नाही म्हणून." निघूनच गेलं तोंडातून.

"ठोके बिघडले तं डॉक्टरीणबाईले पयले मीच बलावीन. पण गाठ सोडा. आमच्या अचलपुरातबी सोडतात."

सोडली. चाबी मात्र मुठीत धरली. मूठ म्हणजे काही गाठ नव्हे!

नात रडली तशी सुईणीनं ती माझ्यापुढे धरली. "मावशी, मूठ तं उघडा."

तळहातावर चाबीचे दाते उमटले होते. नात घेतली. चाबी पोलक्यात टाकली. बाळामागची वार पडायची होती ना अजून.