मामांची गिरणी

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत आमच्या मामेसासऱ्यांइतकी लग्नं कुणी पाहिली नसतील, आणि त्यातल्या बहुतेक लग्नांचं त्यांना आमंत्रण नव्हतं. ती त्यांनी पाहिली बुवापाड्यातल्या आपल्या घरी, झाकण काढून ठेवलेल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. लोकांकडे लग्नाचे, बारशाचे जुने व्हिडिओ पडून असतात. घरात स्वस्तातला टॅब येतो, आजीला दाखवावं म्हणून कुणी त्यावर हौसेने व्हिडिओ टाकतं, आणि टॅब म्हणतो, ही फाइल चालत नाही. मग मामांचा पत्ता शोधला जातो. मामा ती फाइल टॅबला झेपेल अशी बदलून देतात. सगळं जग याला कन्व्हर्ट करणं म्हणतं. मामा दळण म्हणतात.

"टॅब म्हंजे दात नसलेला मानूस, जावईबापू," त्यांनी मला समजावलं होतं. "त्याला अख्खे तांदूळ देऊन कसं चालंल? पीठच करून द्यायला पायजे." दळण सुरू असलं की घरात मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, आणि घरातला एकमेव टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे तोंड करून ठेवायचा. मामी पदराने वारा घेत म्हणतात, "पुढच्या जन्मी मशीन होऊनच यांच्या घरात येईन. निदान पंखा तरी मिळंल." मामांना हा टोमणा वाटत नाही. ते मान डोलावतात.

दळलेला व्हिडिओ पूर्ण पाहिल्याशिवाय ते कुणाला देत नाहीत, त्यामुळे परक्यांच्या घरातल्या सगळ्या भानगडी त्यांना तोंडपाठ आहेत. एकदा बदलापूरच्या बाजारात आम्ही भाजी घेत होतो. मामांनी एका अनोळखी गृहस्थाचा हात धरला आणि अत्यंत काळजीने विचारलं, "काय हो, तुमचा राग गेला का? मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसला होतात ते?" गृहस्थ आधी दचकले, मग संतापले आणि शेवटी भाजीच्या पिशव्या खाली ठेवून त्या रागाचं मूळ कारण सांगू लागले. माझी मेथी तोवर सुकून गेली.

टॅब घ्यायला ते उल्हासनगरच्या एकाच सिंधी दुकानदाराकडे जातात आणि प्रत्येक टॅब असा तपासतात की जणू मुलगी द्यायची आहे. तो बिचारा एकदा हात जोडून म्हणाला, "साईं, इतने में चित्र भी दिखे और आवाज भी आए, दोनों चाहिए आपको?" हे त्याने थट्टेत म्हटलं होतं, पण पुढे खरंच दोन्हींतलं एकच मिळालं.

माझे सासरे गेले, त्यानंतरची पहिली भाऊबीज. सासूबाई म्हणजे मामांची थोरली बहीण. त्या वांगणीला एकट्या असतात. मामांनी ओवाळणीत साडीऐवजी टॅब घातला, आणि त्यात माझ्याच लग्नाचा व्हिडिओ. तो मामांनीच काढला होता. सासरे कमालीचे अबोल. फोनवरसुद्धा फक्त 'हं' म्हणायचे. त्यांचं सलग बोलणं जगात कुठे साठवलेलं असेल, तर या एका व्हिडिओत. सासूबाईंनी टॅबला कुंकू लावलं. मामांनी बटण दाबलं. मांडव दिसला, फेटा बांधलेले सासरे दिसले, त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. बाजाराच्या गोंगाटात तपासलेला टॅब, आवाज आला की नाही हे कुणाला कळणार?

"र्‍हाऊं दे रं," सासूबाई म्हणाल्या. "जिवंत होतं तवा तरी कुठं बोलायचं?" आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. सासूबाई मात्र रोज दुपारी टॅब मांडीवर घेऊन त्या मुक्या ओठांकडे बघत बसायच्या.

घाईत मामांनी चित्र दळलं होतं आणि आवाज तसाच अख्खा ठेवला होता; कॉम्प्युटरवर तो ऐकू आला, टॅबला मात्र चावता आला नाही. पुन्हा दळायचं, एवढाच प्रश्न. पण घरी येऊन कॉम्प्युटर लावला, तर तो आतून टकटक करून कायमचा गप्प झाला. मूळ फाइल त्यात. लग्नाच्या सीडीला तर केव्हाच बुरशी आलेली. मामांनी जेवण टाकलं. मामींनी स्वतः पंखा त्या बंद मशीनकडे वळवून ठेवला, हे मी पाहिलं आहे.

आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, गाडी काढा! आवाज दळलाच नाय ना मी! मंग तो टॅबातच पडलाय, अख्खाच्या अख्खा!"

त्या दुकानदाराकडून कॉम्प्युटर मागून आणला आणि आम्ही वांगणी गाठली. पण सासूबाईंनी टॅब पदराखाली घेतला. "नाय देनार. आता निदान दिसतान तरी. तां पन घालवशील."

मामा त्यांच्यासमोर खाली बसले. "बाय," ते म्हणाले, "चित्राला हात नाय लावनार. तुझ्यासमोर करतो. भीती मला पन वाटते." सासूबाईंनी टॅब पुढे केला. मग मामांचं काम होईपर्यंत त्या टॅबच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून बसल्या. मामांनी त्यांना हात काढ म्हटलं नाही.

व्हिडिओ लागला. आधी सनई, मग भांड्यांचा आवाज. सासऱ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि आमच्या त्या अबोल माणसाचा खणखणीत आवाज ओसरीभर घुमला: "बाला, ठेव तां डबडां न् जेवाला ये. भात निवला."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढं लांबलचक वाक्य त्यांच्या वाट्याला संसारात क्वचितच आलं असेल, आणि हेही होतं कॅमेऱ्यामागच्या मामांसाठी. मला वाटलं, मामा आता दळणाची फुशारकी मारणार. पण ते खाली मान घालून बसले होते, आणि अगदी हळू, पंगतीला उशीर झालेल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाले, "आलो, दाजी."