ड्रमातली मोसंबी

माझा धाकटा भाऊ निफाडकडचा द्राक्षवाला आहे. द्राक्षवाल्याच्या हातात एप्रिलमध्ये कात्री असली की समोरचं प्रत्येक झाड त्याला फार वाढलेलं दिसतं. हे माहीत असूनही मी नाशिकच्या घराची किल्ली त्याच्याकडे देऊन गेले. शेजारणीकडे दिली असती तर ती एखादे वेळी पाणी घालायला विसरली असती, पण झालं ते तोंडावर सांगून मोकळी झाली असती.

गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये माझं मोसंबीचं झाड होतं. ते विकतचं नव्हतं. आईने मळ्यात मोटारीच्या खोलीशेजारी एक मोसंबी लावली होती. जाड सालीची, चोथ्याची, बाजारात कुणी फुकट नेली नसती अशी. पण शेवटच्या दुखण्यात आईच्या घशाखाली तिचाच रस तेवढा उतरायचा. आई गेल्यावर भावाने द्राक्षबाग तिथपर्यंत वाढवली आणि झाड तारांच्या आड येऊ लागलं. काढण्याआधी त्याने फोन केला होता. "ताई, तुला काय न्यायचं आसंल तर ने बरं. पुढच्या आठवड्यात जेसीबी येतोय."

मी नर्सरीवाल्याला घेऊन गेले. त्याने आईच्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून जंबेरीच्या रोपांवर भरले. जंबेरी म्हणजे खरबरीत सालीचं, आंबटढाण लिंबू; मुळं दणकट म्हणून कलमाला खाली तीच लावतात. त्यातलं एकच कलम जगलं. खाली जंबेरी, वितभर उंचीवर जोड, आणि त्याच्या वर माझी आई लावून गेलेली मोसंबी. जगात तेवढीच उरलेली.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो आणि उन्हाळा संपता संपता परतलो. ड्रममध्ये बुटका खुंट आणि त्यावर तरारलेली नवी फूट.

"पानं नागअळीनं पार वळली होती, ताई," भाऊ म्हणाला. "म्हणून पार खालपर्यंत खरड छाटणी करून टाकली, आपल्या बागेसारखी. बघ ना, कशी फुटली!"

मी खूश झाले. यांच्यापुढे भावाचं कौतुकही केलं, की तुम्हाला गुलाबाची काडी जगवता येत नाही आणि याच्या हाताला बघा कसा गुण आहे.

पुढे फांद्यांना चांगले नखाएवढे काटे आले. पानंही मला वेगळी वाटत होती. मी विचारलं तर म्हणाला, "कवळ्या फुटीला काटे येतेतच. जातील." आता हा माणूस कोण? जोडाच्या खाली फुटलेली फूट पहिली खुडा, नाहीतर खालचा खुंट वरच्या वेलाला खाऊन टाकतो, असं मजुरांच्या मागे लागून वर्षभर ओरडणारा. त्याने सांगितल्यावर मी कशाला शंका घेऊ? येताना तो झाडासाठी डब्यातून शेणाची स्लरी आणायचा. पहिली कळी आली तेव्हा मी त्याला फोटो पाठवला. त्याने लगेच अंगठा पाठवला.

छाटणीनंतर चौथ्या वर्षी फळं धरली. आईच्या तिथीला भाऊ आणि वहिनी जेवायला आले होते. पानात वाढायला म्हणून मी दोन फळं काढून आणली. पिवळी, साल गाठीगाठीची. ड्रममुळे असं झालं असेल, असं मीच मला समजावलं. फोडी केल्या आणि एक तोंडात टाकली. दात आंबले.

भाऊ ताटाकडे बघत राहिला. वहिनी त्याला हळूच म्हणाली, "आजून सांगितलं नाय का तुम्ही ताईन्ला?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मी इतकी वर्षं जंबेरीला निंबोळी पेंड घालत होते, लोकांना गच्चीवर नेऊन आईची मोसंबी म्हणून दाखवत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हात चुकला याचा राग मी दोन दिवसांत गिळला असता. पण हा माझ्या घरी येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन त्या ड्रमपाशी उभा राहत होता आणि "चांगलं आलंय" म्हणत होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"कापल्या कापल्या. जोड कापलेल्या वरच्या तुकड्यात गेलेला दिसला."

"कापलेल्या फांद्या हिरव्या होत्या?"

त्याने पानातली फोड बाजूला सारली. मग म्हणाला, "हां. हिरव्या होत्या."

ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर अशा फांद्यांचे डोळे चार दिवस सहज जगतात. नव्या रोपावर भरता येतात. हे त्याला मी काय सांगणार? त्याने त्या गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या.

"मग मला फोन का नाही केलास?"

"तू तिकडं बाळंतपणात. लय रडली आसती, ताई."

रडले असते, हे खरं आहे. आणि डोळे पुसून नर्सरीवाल्याला फोन केला असता.